खाडीची काच धारदारच का राहते?

प्रश्न : आम्ही घणसोलीला सातव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. हॉलची खिडकी पश्चिमेला, समोर खाडी. सी ग्लासच्या, म्हणजे समुद्रात घासून गुळगुळीत, दुधाळ झालेल्या काचेच्या तुकड्यांच्या सजावटीचे फोटो पाहून मलाही नाद लागला. खाडीकडेने फिरताना तीसेक तुकडे जमवले, पण एकही त्या फोटोंसारखा दुधाळ नाही. बरेचसे तर चौकोनी दाण्यांसारखे आहेत. मग ऑनलाइन पाकीट मागवलं, त्यात लाल-नारंगी तुकडेसुद्धा आहेत. ते खरे असतील का? अलिबागहून आणलेले थोडे तुकडे वाळूसकट बरणीत भरून ठेवले, तर आतून पांढरट थर चढलाय आणि कुबट वास येतोय. भिंतीला भोक पाडलेलं घरमालकांना चालत नाही. आणि सासूबाई म्हणतात, फुटकी काच घरात ठेवू नये. मला तर सणावारांप्रमाणे मांडणी बदलत राहायची हौस आहे. काय करू?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : सुरुवात सासूबाईंपासून करू, कारण त्यांचं निम्मं तरी बरोबर आहे. फुटकी काच पायात जाते, पोराबाळांच्या हाताला लागते, म्हणून ती घरात नको. त्या समजुतीच्या मुळाशी हा साधा हिशेब आहे. तेव्हा प्रत्येक तुकड्याची एक परीक्षा घ्या. जुनी पातळ ओढणी घ्या आणि तुकड्याची प्रत्येक कड तिच्यावरून हलकेच ओढा. धागा अडकला तर तो तुकडा फुटकी काच आहे, बाहेर काढा. सरकन निघून गेला तर तो ठेवण्याजोगा. ही परीक्षा सासूबाईंच्याच हातून करून घेतलीत तर अर्धा वाद तिथेच मिटेल. देव्हाऱ्यापाशी मात्र यातलं काही मांडू नका. तेवढा मान त्यांच्या म्हणण्याला द्यायला हवा.

आता खाडीची काच. तुमच्या नजरेचा काही दोष नाही, खाडीत सी ग्लास तयारच होत नाही. काच दुधाळ व्हायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे लाटांनी तिला दगडगोट्यांवर वर्षानुवर्षं आपटणं, घासणं. दुसरी म्हणजे खाऱ्या पाण्याने काचेतला सोडा आणि चुना हळूहळू ओढून काढणं, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक खड्डे पडत जातात. नीट मुरलेल्या तुकड्यामागे बहुधा वीस-तीस वर्षं तरी असतात. ठाण्याच्या खाडीत पाणी चढतं, उतरतं, पण फुटणारी लाट नाही आणि तळाला सगळा चिखल. चिखलात पडलेली बाटली तिथेच रुतून बसते; पन्नास वर्षांनी काढली तरी तिची कड तशीच कापेल. ते चौकोनी दाणे बहुधा गाडीच्या काचेचे असावेत. ती टणक केलेली काच फुटताना असेच लहान ठोकळे होतात.

शिवाय ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. खारफुटीत शिरून काही उचलणं नियमात बसत नाही आणि शहाणपणाचंही नाही; ओहोटीच्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि खाली काय आहे ते दिसत नाही. खाडीकडेने फिरा, पक्षी बघा. काच शोधायला उघड्या समुद्रावर जा.

त्यासाठी किनारा असा हवा की तिथे लाट फुटते, वाळूत दगडगोटे आहेत आणि जवळ जुनी वस्ती किंवा बंदर आहे. नुसती मऊ वाळू असलेल्या चौपाटीवर काच खाली गाडली जाते. तुम्हाला सोयीचं म्हणजे उरण. घणसोलीहून ट्रान्सहार्बरने नेरूळ, तिथे गाडी बदलून उरण. हा मार्ग जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत सुरू आहे. पुढे रिक्षाने पीरवाडीचा किनारा. या मार्गावर गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. ठाण्याकडच्या वाचकांना भाईंदरवरून उत्तन जवळ पडेल. मुक्काम करायचा असेल तर किहीम. वांद्र्याचा बँडस्टँडही वाईट नाही, पण तिथले खडक शेवाळाने निसरडे असतात.

दिवस कोणता निवडायचा, हे पंचांगावरून कळतं. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी भरती साधारण सव्वाअकराला आणि ओहोटी त्याच्या सव्वासहा तास मागेपुढे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, पण तो भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी. पाणी फारसं आत जातच नाही, सगळी फेरी वाया. काच शोधायला सगळ्यात चांगल्या द्वितीया आणि तृतीया, शुद्ध असो की वद्य. उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी जोरात असतं, आणि गुणाकार केला की ओहोटी येते सकाळी पावणेआठ ते साडेआठला. ऊन चढायच्या आत काम होतं. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर ताडून घ्या.

पावसाळ्यात समुद्र तळ उपसून वर आणतो हे खरं, पण त्या दिवसांत किनाऱ्यावर उतरू नका. अनेक ठिकाणी बंदीच असते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो. दसऱ्याच्या आसपास, पावसाने वर काढलेला माल अजून वाळूत गाडला गेलेला नसतो, तेव्हा जा.

ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की मागे या. नजर ठेवायची ती गोट्यांच्या आणि फुटक्या शिंपल्यांच्या पट्ट्यावर. सारख्या वजनाच्या वस्तू लाट एकाच ओळीत टाकते, म्हणून बारीक गोटे जिथे आहेत तिथेच काचही सापडते. आणखी एक युक्ती : सूर्य समोर ठेवून चाला. काचेतून उजेड आरपार येतो, दगडातून येत नाही, त्यामुळे तुकडा लांबूनच पेटल्यासारखा दिसतो. आपला किनारा पश्चिमेला, म्हणजे सकाळी पाण्याकडे पाठ करून जमिनीकडे बघत शोधायचं. हे उलटं वाटतं, करून बघा.

पायात जाड तळव्याचे बूट घाला, चपला नकोत. हातात रबरी मोजे. वाळू हाताने उकरू नका, किनाऱ्यावर सुया आणि दवाखान्यातला कचराही येतो. लहान खुरपं न्या. दोन डबे ठेवा, एक चांगल्या तुकड्यांना, दुसरा धारदारांना. परदेशातले छांदिष्ट अर्धवट घासलेला तुकडा ‘अजून पिकू दे’ म्हणून परत समुद्रात फेकतात. आपल्याकडे ते करू नये. इथे त्याच वाळूतून लोक अनवाणी चालतात. धारदार तुकडे घरी आणा, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळा, चिकटपट्टी लावून वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि सुक्या कचऱ्यात वेगळे द्या. तुमच्या त्या तीस तुकड्यांचंही तेच करा.

आणि काचेच्या जोडीला प्रवाळ किंवा पंख्यासारखे समुद्रपंखे उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहेत, किनाऱ्यावर मेलेले सापडले तरी.

पाकिटातले तुकडे समुद्राने घासलेले आहेत असं वाटत नाही. लाल आणि नारंगी काच करणं महाग, त्यामुळे ती बाटल्यांत जवळजवळ वापरलीच गेली नाही. किनाऱ्यावर शंभर तुकडे मिळाले तर बहुतेक सगळे पांढरे, हिरवे आणि तपकिरी असतात. एका पाकिटात मूठभर लाल निघाले म्हणजे काच कारखान्यात आम्लाने किंवा यंत्रात खरवडून दुधाळ केली आहे. खात्री करायची तर दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा. खऱ्या तुकड्यावर दुधाळपणा सारखा नसतो. उंचवट्यावर जास्त, खोलगट भागात कमी, आणि जागोजाग नखाने दाबल्यासारख्या बारीक चंद्रकोरी दिसतात. प्रत्येक चंद्रकोर म्हणजे एका दगडाचा एक टोला. कारखान्यातली काच भिंगाखाली नुसती एकसारखी, मैद्याच्या पिठासारखी दिसते. पाकीट फेकून द्यायचं कारण नाही, त्याचा उपयोग खाली येईल. फक्त खऱ्यात मिसळू नका.

खऱ्या तुकड्यांत बघण्यासारखं म्हणजे फिकट निळसर-हिरवी जाड काच. गोटी सोड्याच्या बाटल्या तशा काचेच्या असत. मानेत गोटी अडकवलेली ती बाटली १८७२ च्या सुमाराची इंग्लंडची कल्पना. तिकडे कधीच मागे पडली, आपल्याकडे जत्रेत अजून फुटते. तिची घासून अपारदर्शक झालेली गोटी मिळाली तर ती बरणीत टाकू नका, एकटी ठेवा. गडद निळे तुकडे जुन्या औषधांच्या बाटल्यांचे, तेही कमीच मिळतात.

आता तुमच्या बरणीचं. तो पांढरा थर म्हणजे मीठ. काचेच्या खड्ड्यांत आणि वाळूच्या कणाकणावर समुद्राचं मीठ राहिलेलं आहे, आणि हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. नवी मुंबईत जून ते सप्टेंबर रोजच ती त्याच्या वर असते. ओल, त्यात वाळूतला सेंद्रिय कचरा, वर घट्ट झाकण. कुबट वास येणारच. वाळू काढूनच टाका. धुऊनही ती पूर्ण गोडी होत नाही, आणि किनाऱ्यावरून वाळू आणूही नये.

काच अशी धुवा. साध्या नळाच्या पाण्यात दोन दिवस भिजवा, सकाळ-संध्याकाळ पाणी बदला, म्हणजे चार पाणी होतात. मग भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि जुना टूथब्रश. पांढरे टणक ठिपके राहिले तर ते चुन्याचे. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, बुडबुडे येऊन सुटतात, काचेला काही होत नाही. गंजाचा तांबूस डाग असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल, दोन तास. पावसाळ्याच्या आगेमागे आपल्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे लागतात. तुकड्यावर तसला काळा चिकटा असेल तर साबणाने तो फक्त पसरतो. खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटांनी कागदाने पुसा, मग साबण. हिरवं शेवाळ काढायला ब्लीच वापरलंत तर ते आणि व्हिनेगर कधीही एका भांड्यात येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. उकळतं पाणी नकोच, आत न दिसणारी चीर असेल तर तुकडा फुटतो.

शेवटी काळ्या कापडावर पसरून पंख्याखाली एक दिवस वाळवा. कडेला पांढरी रेघ उमटली तर मीठ अजून आहे, पुन्हा भिजवा. काही जण चमक यावी म्हणून तेल लावतात. लावू नका. चार दिवस रंग खुलतो, मग त्यावर घणसोलीची धूळ बसते आणि सगळं मेणचट होतं.

मांडणीत एकच गोष्ट खरी महत्त्वाची : उजेड काचेच्या मागून आला पाहिजे. दुधाळ काचेवर समोरून दिवा पाडला तर ती खडूसारखी मेलेली दिसते. तुमची खिडकी पश्चिमेला, म्हणजे दुपारी चारनंतर तुमची वेळ. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि नैऋत्येकडे सरकतो, तेव्हा उजेड तिरका आतपर्यंत येतो. सगळ्यात सुंदर दिसायचे दिवस तेच. ज्यांचं घर ठाणे पूर्वेला खाडीच्या अलीकडे आहे, त्यांना हेच सकाळी मिळेल.

भिंतीला हात न लावता दोन गोष्टी करता येतील. पहिली, उभी तावदानाची मांडणी. काचवाल्याकडून चार मिलीमीटर जाडीची साधी काच २५ बाय ३० सेंटीमीटर कापून घ्या, चारही कडा घासून द्यायला सांगा. तीन बाय दोन सेंटीमीटरचा, अर्धा सेंटीमीटर जाड तुकडा साधारण सात-आठ ग्रॅमचा असतो. पस्तीस तुकडे लावले तर अडीचशे ग्रॅमच्या वर, आणि खालची काच स्वतः पाऊण किलो. म्हणजे किलोभराचा ऐवज झाला. चिकट हुकावर तो लटकवू नका, उभाच ठेवा. आधी कोरडी मांडणी करून मोबाइलवर फोटो काढा. मग दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसा आणि पारदर्शक न्यूट्रल सिलिकॉन सीलंट वापरा. नळीचं तोंड तीन मिलीमीटरवर कापा, तुकड्याच्या सपाट बाजूच्या मध्यावर हरभऱ्याएवढा थेंब, आणि दाबताना कडेपाशी पोहोचायच्या आत थांबा. थेंब मोठा झाला की बाहेर फुगवटा येतो आणि उजेडात तोच आधी दिसतो. एका वेळी चार-पाच तुकडेच लावा, वरची साय दहा-पंधरा मिनिटांत धरते. आडवं ठेवून पूर्ण दोन दिवस वाळू द्या. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे पावसाळ्यात काम अडत नाही. झटपट चिकटणारा गोंद घेऊ नका, तो काचेवर पांढरी वाफ धरतो आणि वर्षाच्या आत तडकून सुटतो. दोन नळ्यांचा इपॉक्सी पश्चिमेच्या उन्हात पिवळा पडतो.

ही काच लाकडी स्टँडवर, खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर, खाली न सरकणारी रबरी जाळी घालून ठेवा. ग्रिलच्या बाहेर काहीही नको. सातवा मजला आहे, खाडीवरचा वारा आहे, खाली लोक आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे पडद्याच्या रॉडला टांगलेली झालर. काचेला भोक पाडू नका. त्याला हिऱ्याचं पातं, पाण्याखाली पाडायची सवय आणि फुटलेल्या तुकड्यांचा धीर लागतो. एक मिलीमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार प्रत्येकी वीस सेंटीमीटर घ्या. मधोमध वाकवून तुकडा एकदा आडवा, एकदा उभा बांधा, जसं पार्सलला दोरी बांधतात. वर तीन पीळ देऊन कडी करा आणि टोक आत वळवा. तांब्याची तार दिसते छान, पण इथल्या हवेत हिरवी होते. चांदीचा मुलामा काळा पडतो. तारेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा बांधायचा, ०.४० मिलीमीटरचा. तो घसरतो, म्हणून गाठ तिहेरी आणि टोक जरा भाजून गोळी करा. पाच सर, प्रत्येकी पाच तुकडे, एकूण दोनशे ग्रॅमही होत नाहीत. तुकड्यांत चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर वाऱ्याने एकमेकांवर आपटून टवके उडतात. उन्हाने तंगूस ठिसूळ होतो. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत बदलून टाका.

सणांचं म्हणाल तर फार सामान लागत नाही. तावदान कायम, समोरचं तेवढं बदलायचं. पावसाळ्यात खिडकीत उजेडच नसतो, तेव्हा तावदान आत आणून मागे एलईडी दिवा लावा. पिवळट दिव्यात तपकिरी तुकडे मधासारखे दिसतात पण हिरवे-निळे मरतात. त्यांना मध्यम पांढरा, ४००० केल्विन लिहिलेला दिवा घ्या. गणपतीत पांढऱ्या आणि फिकट हिरव्या तुकड्यांचा समुद्र मखरापुढे छान दिसतो, मात्र तो कड असलेल्या ताटातच करा. दर्शनाला येणारे अनवाणी असतात. विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य भरण्याआधी ते ताट उचलून ठेवा, घाईत फुलांबरोबर काच कलशात जाते आणि पुढे ते हाताने वेगळं करणाऱ्याला लागते.

दिवाळीत पणतीभोवती तुकडे रचायचा मोह होईल. ज्योतीपासून वीतभर लांब ठेवा. जुन्या काचेत चिरा असतात, एक बाजू तापली आणि दुसरी गार राहिली की ती तडकते, कधी उडतेही. रांगोळीच्या कडेला मात्र तुकडे बिनधोक चालतात, आणि तिथे तुमचं पाकीट कामाला येईल. लाल-नारंगी रंग रांगोळीत शोभतात आणि दोन-चार हरवले तरी हळहळ नाही.

उन्हाळ्यात पसरट काचेच्या वाडग्यात पाणी, तळाला तुकडे, वर ओंजळभर मोगरा. पाण्यात गेली की खड्ड्यांत पाणी भरून काच दुधाळ राहत नाही, मूळ रंग दिसतो. हिरव्या बाटलीचा तुकडा एकदम हिरवागार होतो. मोगरा तसाही दुसऱ्या दिवशी मान टाकतो, त्याबरोबर पाणीही ओता आणि वाडगं आतून घासा. डेंग्यूच्या डासांना साठलेलं स्वच्छ पाणी आठवडाभर मिळालं तरी पुरतं, आणि वाडग्याच्या कडेला चिकटलेली त्यांची अंडी नुसतं पाणी ओतून जात नाहीत.